दोर धरणारा

फांदी हातभर घसरली आणि थांबली. खालून बघणाऱ्याला फार काही कळलं नसतं. कापलेल्या फांदीनं दोरावर हिसका घेतला, झाडानं अंग झाडलं, पानांतलं पाणी अंगणात सांडलं, इतकंच त्याला दिसलं असतं. पण दशरथ वर शिरीषाच्या बेचक्यात बसला होता आणि फांदीचं जाड बूड त्याच्या गुडघ्याला घासून गेलं होतं. गुडघ्याकडे त्यानं बघितलं नाही. खाली लवूकडे बघितलं. लवू बुंध्याशी पाय रोवून, दोर दोन्ही हातांत धरून उभा होता आणि स्वतःच्या हातांकडे टक लावून बघत होता. ते बघणंच दशरथला खटकलं. इतकी वर्षं फांदी उतरताना लवूची नजर वर असायची. हातांकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

लोकांच्या घरावर आलेलं झाड कुऱ्हाड घालून आडवं पाडता येत नाही. फांदी फांदी करून उतरवावी लागते. आधी फांदी दोरानं बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा, बुंध्याला त्याचे वेढे घ्यायचे आणि टोक खालच्या माणसाच्या हातात द्यायचं. वरच्यानं कापायचं, खालच्यानं हळूहळू सोडायचं. खालच्याचा हात चुकला तर कौलं फुटतात, नाहीतर फांदी झोका घेते आणि वरच्यालाच झोडपून काढते. म्हणून वर चढणाऱ्याचं लोक कौतुक करतात ते अर्धंच खरं असतं. दशरथला हे ठाऊक होतं. गिरणीचा संप फसला आणि सूत कातायच्या त्रासनखात्यातली दोघांचीही नोकरी गेली, तेव्हा हा धंदा लवूनंच काढला होता. लवू त्याचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, मालनचा धाकटा भाऊ. गावी असताना माडावर सरसर चढायचा. पहिल्या पावसाळ्यात लवू वर आणि दशरथ खाली असं चालायचं. मग कधीतरी लवू म्हणाला, माका वर गरगरता, तू चढ, मी दोर धरतंय. दशरथनं फार विचार केला नाही. भांडुप, मुलुंड, पार बोरिवलीपर्यंत बंगलेवाल्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या कंपाउंडात तो चढत राहिला. खाली लवू आहे म्हटल्यावर वर काय व्हायचं ते होऊ दे, अशी त्याच्या अंगाला सवयच झाली होती. आज पहिल्यांदाच झाडावर बसल्या बसल्या त्याला उंची जाणवली. खालची जमीन दूर आहे, ओली आहे, तिच्यात दगड आहेत, हे सगळं त्याला एकदम दिसलं.

"जरा खाली येता का? चहा झालाय," अंगणातून श्यामकांतांनी हाक मारली. हे मुलुंडच्या या बंगल्याचे मालक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, आणि सकाळपासून छत्री घेऊन झाडाखाली उभे. रात्रीच्या वादळात त्यांच्या शिरीषाची मुख्य फांदी बुडाशी चिरली होती आणि ती नेमकी मागच्या खोलीवर होती. त्या खोलीत त्यांची बायको मृणालिनी झोपून होती. मोरीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी तिला हलवू नका म्हणून बजावलं होतं. पलंगासकट पुढच्या खोलीत न्यावं म्हणून दशरथनं आल्या आल्या बघितलं होतं, पण जुना सागवानी पलंग दारातून निघत नव्हता. "अहो, याच खोलीत जुळवलाय तो," म्हातारी हसून म्हणाली होती, "आता माझ्याबरोबरच निघेल." श्यामकांतांनी तेव्हा तोंड फिरवलं होतं. सकाळपासून दशरथनं भोवतीच्या लहान फांद्या काढून वाट मोकळी केली होती. मोठी अजून बाकी होती.

पडवीत दोघं चहाला बसले. चहा नुसता कढत होता. दशरथनं ग्लास काठाशी दोन बोटांत धरला, तोही पोळला म्हणून खाली ठेवला आणि सहज शेजारी बघितलं. लवूनं ग्लास पंजाच्या मुठीत घट्ट धरला होता. कडेनं चहा त्याच्या अंगठ्यावर सांडत होता आणि तो रस्त्याकडे बघत फुंकर मारत होता. अंगठ्याची कातडी लाल झाली. लवू फुंकर मारतच राहिला.

 हे दशरथनं आधी कुठे बघितलं होतं ते आठवायला वेळ लागला नाही. गावच्या व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला, गवताच्या खोपीत, द्रौपदीकाकी. बापाच्या सख्ख्या भावाची बायको. घरात असताना ती पोरांना मांडीवर घेऊन नारळाच्या रसातल्या शेवया भरवायची, आणि मग एक दिवस ती व्हाळापलीकडे राहायला गेली. का गेली ते पोरांना कुणी सांगितलं नाही. रोज दुपारी आई पेज आणि भाजी घेऊन व्हाळापर्यंत जायची, कातळावर ठेवायची आणि मागे न बघता परत यायची. एकदा पावसाच्या दिवसांत तो आईबरोबर गेला होता. काकी खोपीच्या तोंडाशी चुलीपुढे बसली होती. लाकूड चुलीतून बाहेर घरंगळलं तेव्हा तिनं ते पेटतं लाकूड हातानं उचललं आणि सावकाश, वात सारखी करावी तसं, परत आत सारलं. ओरडली नाही, हात झटकला नाही. आईनं त्याचे डोळे झाकले होते, पण ते सगळं होऊन गेल्यावर. पुढे कितीतरी दिवस तो झोपताना स्वतःच्या तळव्याला चिमटे काढून बघायचा. काकी कधी मेली तेही त्याला नीट आठवत नव्हतं. मुंबईत गिरणीत चिकटल्यावर एका पत्राच्या शेवटी कुणीतरी कळवलं होतं, पाऊसपाणी बरं आहे, याच्या खालच्या ओळीत.

आता एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊ लागली, आणि तो थकल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. विडी बोटांपर्यंत जळून यायची तरी लवू फेकायचा नाही. चालता चालता पायातली चप्पल मागे राहायची आणि मालन हाक मारायची, अरे पायात काय आहे काय नाही त्याचं भान ठेव. शर्टाची बटणं हल्ली तिच्याकडून लावून घ्यायचा आणि ती काही न बोलता लावायची. अंगावर शर्ट पूर्ण बाह्यांचा, उकाड्यातसुद्धा. घाटकोपरच्या डोंगरावरची त्यांची खोली म्हणजे चार माणसं आडवी झाली की संपली. दाराशी लवू झोपायचा, मग दशरथ, मग मालन आणि भिंतीला त्यांची मुलगी नलिनी. एकच पाण्याचा पिंप, एकच तांब्या. नलिनीचं अक्षर चांगलं यावं म्हणून मामा तिचा हात हातात घेऊन पाटीवर गिरवायचा. त्या हाताचा विचार आला तसा दशरथ चहा तसाच टाकून उठला. त्याला ओकारी येईलसं वाटलं आणि ओकारी आपल्याला लवूची येते आहे, हे कळून त्याहून वाईट वाटलं.

"हात दाखय," तो म्हणाला.

"कित्याक?"

"दाखय म्हणतंय ना."

लवूनं ग्लास खाली ठेवला. उजवा हात त्यानं हळूच उघडला. तळव्यावर दोरानं कातडी सोलून निघाली होती, आडवी, बोटभर रुंद. रक्त आलेलं होतं आणि त्यात दोराचे तंतू चिकटले होते. आत्ताच्या फांदीचं. त्याच्या खाली जुन्या जखमांच्या खुणा होत्या, एकावर एक.

"दुखता?"

"नाय."

"कधीपासना?"

"शिमग्याक कळला. तेच्या आदीपासना आसात." लवू हाताकडेच बघत बोलत होता. "दोर हातात आसा काय नाय, ता बघूक लागता. बघलंय नाय तर कळना नाय. मगाशी वर बघलंय जरा."

"आणि माका सांगलंस नाय?"

"सांगान काय? भायर काढलं असतंस. तुझ्या काकीक काढल्यानी तसा."

काकीची गोष्ट याला ठाऊक होती. ठाऊक असणारच, दोन्ही गावांत एक डोंगर आडवा. दशरथ पडवीच्या खांबाला टेकला. त्याला राग यायला हवा होता. मी वर लटकतोय आणि तू खाली हात मेलेला घेऊन उभा, असं काहीतरी बोलायला हवं होतं. पण राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं आणि ते आज सकाळपासून नव्हतं. कदाचित संपाच्या दुसऱ्या वर्षापासूनच नव्हतं. त्यानं विचारलं ते भलतंच. "मालनीक म्हायत आसा?"

"आसा. तिणाच बघल्यान पयल्यांदा. ष्टोवरचो टोप मी हातान उतरलंय तेवा."

"आणि तरी तिणा माका..."

"तिचो दोष नाय," लवू घाईनं म्हणाला. "तिका सांगलंय, दोर सोडलंय म्हणान. नुसते फांद्ये गोळा करतंय म्हणान. देवाची शपथ घालूक लावल्यान तिणा माका. घेतलंय शपथ." मग म्हणाला, "दोर सोडलंय तर माका कोण ठेवतलो, दशरथ?"

 रोज सकाळी डबा हातात देताना मालन भावाकडे बघायची, काहीतरी आठवण करून दिल्यासारखं. ते भावाबहिणीचं असेल म्हणून दशरथ चप्पल घालत बसायचा. माणसं एका खोलीत एकमेकांच्या श्वासावर झोपतात आणि एवढंसं कळायला परक्याच्या पडवीत बसावं लागतं.

कुठूनतरी टिनाचा पत्रा वाजला. वारा पुन्हा सुटला होता. येऊरच्या डोंगराच्या बाजूचं आभाळ काळं होऊन खाली आलं होतं. वर शिरीष करकरला. आवाज लांबट होता, लाकूड आतून पिळल्यासारखा. श्यामकांत पडवीत आले. "ती चीर वाढलीय," ते म्हणाले.  "उद्यावर टाकायचं म्हणाल तर... पण रात्र निघेल का?"

"नाही निघणार साहेब."

"मग?"

दशरथनं वर फांदीकडे बघितलं. दुसरा दोरवाला आणायचा तर घाटकोपरला जाऊन यावं लागेल, तोवर फांदी थांबणार नाही. दोर बुंध्याला पक्का बांधून टाकावा तर एवढं वजन एकदम हिसका देईल आणि ज्या बेचक्यात आपण बसणार तेच फाटेल. राहता राहिला लवू. श्यामकांतांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी छत्री मिटून भिंतीला लावली आणि बाह्या वर सरकवल्या. "मी धरू का एक टोक? शिकवा मला, मी धरतो." त्यांचे दंड नलिनीच्या दंडाएवढे होते. दशरथनं नकारार्थी मान हलवली. आतून मृणालिनीबाईंचा आवाज आला, "तुम्ही आत या बघू. त्यांना त्यांचं काम करू द्या. आणि भिजू नका, तुमचं करायला आता कुणी नाही." श्यामकांत तरी गेले नाहीत. तिथेच पायरीवर बसून राहिले.

दशरथनं दोर उचलला. रक्त लागलेला भाग हाताला चिकटला. क्षणभर त्याला तो टाकून द्यावासा वाटला, नळाखाली जाऊन हात घासून घासून धुवावेसे वाटले. त्यानं टाकला नाही. लवूला बुंध्यामागे नेलं, बुंध्याला नेहमीपेक्षा जास्त वेढे घेतले आणि दोर लवूच्या कमरेमागून फिरवला. दोराला वेढा देताना त्याचा दंड लवूच्या अंगाला लागत होता. लवू अंग चोरून उभा राहिला, बाई माणसानं गर्दीत राहावं तसा.

"हातावर घेव नको. पोटावर घे," दशरथ म्हणाला. "मागे झुकान रव, आणि मी सांगलंय की एकेक पाऊल पुढे ये. पोटाक कळता मां?"

"कळता."

"हाताकडे बघू नको. माझ्याकडे बघ."

चढताना त्याला आपलं प्रत्येक पाऊल वेगळं जाणवत होतं. साल ओली होती, पाय चिकटत नव्हते. मध्येच एका खाचेत तो थांबला. धाप लागली म्हणून थांबलो असं त्यानं स्वतःला सांगितलं. खाली उतरावं, चप्पल घालावी आणि फाटकाबाहेर पडावं. फांदी पडेल, म्हातारी मरेल, चार दिवस लोक बोलतील. लवूला गावच्या गाडीत बसवून द्यावं. गावी व्हाळ आहेच. हे सगळं किती सोपं आहे याचं त्याला नवल वाटलं. बापाला आणि काकालाही ते असंच सोपं वाटलं असेल. कुणी दुष्टपणानं केलं नसेल. दमलेल्या माणसांनी दिवसभराच्या कामानंतर एक निर्णय घेऊन टाकला असेल आणि आईच्या हातात पेजेचं भांडं दिलं असेल. मग वाऱ्याचा झोत आला, चीर त्याच्या डोळ्यांसमोर उघडली आणि मिटली. आतलं लाकूड पांढरं, ओलं होतं. तो पुन्हा चढू लागला.

वर पोचल्यावर त्यानं स्वतःला खोडाला बांधून घेतलं, फांदीला दोराचा फास घातला आणि खाली बघितलं. लवू मागे झुकून उभा होता. तोंडावर पावसाचे थेंब पडत होते तरी डोळे मिटत नव्हता, सरळ वर बघत होता. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा आपण असा वरून, पूर्ण, कधी बघितलाच नाही असं दशरथला वाटलं. भुवया विरळ झाल्या होत्या. हे तरी घरात बसून दिसायला काय हरकत होती. त्यानं करवत लावली. भुसा ओला होऊन मनगटावर चिकटत होता. शेवटचा पदर राहिला तेव्हा तो ओरडला, "इली रे," आणि फांदी सुटली. दोर ताठ झाला, वेढे कुरकुरले, आणि लवू दोन पावलं फरफटत बुंध्याकडे ओढला गेला. दशरथनं बेचक्याला मिठी मारून डोळे मिटले. काही लागलं नाही. डोळे उघडले तेव्हा फांदी खोलीच्या कौलांपासून वीतभर वर लोंबकळत होती आणि लवू टाचा चिखलात रुतवून जवळजवळ आडवा झाला होता. दोर त्याच्या पोटात रुतला होता. नजर वरच होती. "ये," दशरथ म्हणाला. लवूनं एक पाऊल टाकलं. "ये." आणखी एक. फांदी कौलांच्या उतारावरून घसरत बाजूला झाली, वाळवणाची तार तोडून अंगणात आली आणि पानांचा मोठा श्वास सोडून बसली. एक कौल तेवढं फुटलं.

आतून मृणालिनीबाई म्हणाल्या, "झालं का हो? एकदम उजेड आला." आणि मग जरा वेळानं, "डोळ्यांवर येतोय. पडदा ओढा." श्यामकांत पायरीवरून उठले आणि पडदा ओढायला आत गेले. दशरथ खाली उतरला.

 संध्याकाळी घरी मालननं भावाचा शर्ट वर करून पोटावरचा वळ बघितला, मग तळवा बघितला, आणि मग नवऱ्याकडे बघितलं. तिला सगळं एकदमच कळलं. "ह्येणा दोर धरलेलो?" तिनं विचारलं. दशरथनं होकारार्थी मान हलवली. ती भिंतीला धरून खाली बसली.  "मी सांगलं असतंय," ती म्हणाली, "तर तू तेका ठेवलं असतंस?" तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तिला खरंच हवं होतं ते उत्तर, आणि दशरथला ते खोटं बोलून देता येत नव्हतं, खरं बोलूनही नव्हतं. नलिनी पाटी घेऊन मामाकडे निघाली होती. तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. लवूच म्हणाला, "आज नको गो, माझो हात दुखता." पोर हिरमुसून परत आली. दशरथनं उघडलेलं तोंड मिटलं.

सकाळी तो लवूला म्युनिसिपालटीच्या इस्पितळात घेऊन गेला. चामडीच्या रोगांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माणसं एकमेकांपासून अंतर ठेवून आणि एकमेकांकडे न बघता बसली होती. आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सर्दी झालेली होती त्यांना. लवूला त्यांनी टेबलापलीकडे बसवलं, हात उताणे ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. मी कापूस लावते. लागला की हो म्हणा." लवूनं डोळे घट्ट मिटले. बाईंनी कापसाचं टोक करंगळीला लावलं. "हो," लवू म्हणाला, थोडा उशिरा. त्यांनी अंगठ्याला लावलं. "हो." मग त्यांनी कापूस हवेतच धरला. लवू कान देऊन बसल्यासारखा बसला होता. कपाळावर घाम आला होता. "हो," तो म्हणाला. कापूस हवेतच होता. "हो. लागला. हो." बाईंनी दशरथकडे बघितलं.

"लवू," दशरथ म्हणाला, "डोळे उघड."

बाई रागावल्या नाहीत. असे पुष्कळ बघितले असावेत त्यांनी. आता महारोगाला नवीन औषधं आहेत, त्या म्हणाल्या, गोळ्या नेमानं घ्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत. रोग बरा होतो, अगदी पूर्ण. हाताची गेलेली जाणीव परत येईल का ते मात्र सांगता येत नाही. दोर, विस्तव, हत्यार, यांपासून जपायचं. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला आणायचं. लवू मान हलवत ऐकत होता. जखमेवर पट्टी बांधून झाली तरी उठेना.

"बाई, घरात लहान पोर आहे," तो म्हणाला. "मी घरात राहिलो तर चालेल ना?"

"औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. राहा की. न राहायला काय झालं?"

बाईंनी पुढच्या माणसाला बोलवायला घंटा वाजवली. लवू तरी बसूनच राहिला. तो बाईंकडे बघत नव्हता, दशरथकडेही बघत नव्हता. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून दोघांच्या मध्ये कुठेतरी बघत वाट बघत होता, आणि प्रश्न कुणाला विचारला होता ते दशरथला कळलं. अंग अजून कालच्या झाडानं ठणकत होतं. दारात पुढचा माणूस येऊन उभा राहिला होता. दशरथनं लवूच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

"चल," तो म्हणाला. "मालन जेवणासाठी रवलेली आसतली."